आधी कागद, मग शाई, मग पेन

गेली काही वर्षे एक गोष्ट माझ्या ध्यानात येत आहे. शाईचे पेन आता शाळकरी मुलांपेक्षा मोठ्या माणसांना अधिक खुणावू लागले आहे. एक तरुण शिक्षक, बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ, नुकतीच महाविद्यालयात जाऊ लागलेली एक मुलगी, अशी मंडळी काही कामानिमित्त माझ्याकडे येतात, टेबलावरची दौत पाहून थबकतात आणि काम झाल्यावर हळूच विचारतात, "फादर, आम्हांलाही शाईच्या पेनाने लिहायचे आहे. सुरुवात कशी करावी? पेन कोणते घ्यावे?" दिवसभर मोबाईलच्या काचेवर बोटे फिरवणाऱ्या माणसाला कागदावर ओली रेघ उमटताना पाहावीशी वाटावी, यात मला नवल वाटत नाही, आनंद मात्र वाटतो.

माझे उत्तर ठरलेले आहे. पेन शेवटी घ्या. आधी कागद पाहा, मग शाई निवडा, आणि उरलेल्या पैशांत पेन घ्या. हे ऐकून बहुतेकांचा चेहरा थोडा उतरतो. कारण मन बसलेले असते ते पेनावर, त्याच्या चकाकत्या टोपणावर आणि सोनेरी निबवर. परंतु पेन हे हातात राहते. मागे उरते ती शाई आणि तिला धरून ठेवणारा कागद. हा उलटा क्रम मी का सांगतो, तेच या लेखात मांडावे म्हणतो.

आमच्या पिढीला शाईचे पेन भेटले ते साधारण पाचवीत. चौथीपर्यंत पाटी आणि शिसपेन्सिल. पाचवीत गेले की आठवडी बाजारातून वडील एक पेन आणत. त्याची पाठ फिरवून उघडायची, ड्रॉपरने शाई भरायची, आणि निब केसांना पुसायची, हा आमचा नित्यक्रम. बॉलपेनाने अक्षर बिघडते असे गुरुजींचे ठाम मत असल्यामुळे वर्गात त्याला प्रवेश नसे. शर्टाच्या खिशाखाली निळा डाग नसलेला मुलगा वर्गात शोधून सापडला नसता. शुद्ध मराठीच्या आग्रही मंडळींनी या पेनाला 'झरणी' असे गोड नाव दिले होते; पण आमच्या गावात ते कोणी घेतले नाही. आमच्यासाठी ते 'शाईचे पेन'च राहिले, आणि या नावातही पहिला मान शाईलाच आहे, हे माझ्या पुष्कळ उशिरा लक्षात आले.

या पेनाची रचना समजून घेतली की त्याच्याशी मैत्री लवकर जुळते. टाक दौतीत बुडवून लिहिण्याची कटकट संपवावी म्हणून अनेकांनी प्रयत्न केले. परंतु शाई कधी अडे, तर कधी भसकन ओघळे. १८८४ साली न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमन यांनी एकस्व मिळवले ते या अडचणीवरील उपायाचे. निबच्या पोटाखाली जो खाचांचा काळा तुकडा असतो, त्याला आम्ही मुले 'जीभ' म्हणत असू. त्या जिभेच्या बारीक खाचांतून शाई खाली येते, आणि जेवढी शाई खाली उतरते तेवढीच हवा वर जाते. हवेला वाट मिळाली नाही तर शाई थांबते. वाट फार मोठी झाली तर ती गळते. दिव्याची वात जशी तेल ओढून घेते, तसा कागद निबच्या चिरेतून शाई ओढून घेतो. म्हणजे लिहिताना पेन शाई ढकलत नाही. कागद ती मागून घेतो. बॉलपेनाची सवय असलेला माणूस शाईच्या पेनावर जोर देतो आणि निबच्या दोन्ही पाती फाकवून ठेवतो. जोर मुळीच देऊ नये. पेन किंचित आडवे धरावे, निब कागदावर नुसती टेकवावी आणि हात चालू द्यावा. दोन पाने लिहून झाली तरी बोटे दुखत नाहीत, हा पहिला लाभ आठवड्याभरातच कळतो.

आता कागदाकडे वळू. वहीच्या साध्या कागदावर शाईने लिहिले की अक्षराला मिशा फुटतात आणि मागच्या पानावर सावली उमटते. दोष पेनाचा आहे असे समजून मंडळी पेन बदलतात. खरे कारण कागदाला दिलेल्या खळीत असते. कागदाचे तंतू स्वभावतःच पाणी शोषणारे. त्यांना खळ दिली म्हणजे शाई पृष्ठभागावर थांबते, सावकाश आत जाते आणि रेघ रेघच राहते. आपल्याकडचे जुने कागदी हे मर्म पूर्ण जाणून होते. चिंध्यांच्या लगद्यापासून कागद काढायचा, त्याला पिठाची खळ लावायची, वाळवायचा आणि मग गुळगुळीत दगडाने घोटायचा. छत्रपती संभाजीनगरजवळ, दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यान कागजीपुरा नावाचे गाव आहे. तिथल्या हातकागदाची परंपरा मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी दौलताबादला आणली त्या चौदाव्या शतकापर्यंत मागे नेली जाते. दौलताबादी आणि जुन्नरी कागदांवर बोरूने लिहिलेली मोडी दप्तरे आजही वाचता येतात. कागद तपकिरी झाला, कडा झिजल्या. पण अक्षर जागेवर आहे.

या संदर्भात आपल्या वऱ्हाडाचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. टिकाऊ कागदाला सुती चिंध्यांसारखा कच्चा माल नाही, आणि कापूस तर आपल्या काळ्या मातीचे पीक. त्या कापसासाठीच १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. शाईला लागणारा डिंक बांधावरच्या बाभळीला, काजळ घरच्या दिव्यावर. लेखनाचे जवळजवळ सगळे साहित्य आपल्या शिवारात असताना आपण ते बाहेरून विकत घेत राहिलो. ही खंत गांधीजींनाही होती. १९३४ साली त्यांनी वर्ध्याला ग्रामोद्योग संघ सुरू केला. त्याची सूत्रे जे. सी. कुमारप्पा या ख्रिस्ती अर्थशास्त्रज्ञाच्या हाती होती, आणि मगनवाडीतील त्यांच्या उद्योगांत हातकागदाला मानाचे स्थान होते. पुण्यातही १९४० साली हातकागद संस्था उभी राहिली. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी गांधीजींच्या प्रेरणेने स्वदेशी पेन घडवले. ते खरोखर स्वदेशी आहे याची कुमारप्पांमार्फत खात्री करून घेऊनच गांधीजींनी ते वापरले, आणि १९३५ साली वर्ध्याहून पत्र लिहून रत्नम यांचे आभार मानले. एका पेनासाठी एवढी चौकशी! पण ज्या हाताला सत्याचा आग्रह होता, त्याला हातातल्या पेनाचे मूळही पारखून घ्यावेसे वाटले, यात विसंगती काही नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने हातकागदच घ्यावा असे मी म्हणणार नाही. तो महाग असतो, आणि पुष्कळदा इतका खरखरीत की निबला धागे अडकतात. छायाप्रतीसाठी वापरला जाणारा सत्तर-पंचाहत्तर जीएसएमचा कागद कामचलाऊ; पंच्याऐंशी ते शंभर जीएसएमचा बाँड कागद चांगला. मात्र जाडीवर सर्वस्वी विसंबू नये. जाड कागदही खळीवाचून टिपकागदासारखा वागतो. दुकानात आपले पेन घेऊन जावे, दुकानदाराच्या परवानगीने एका कोपऱ्यात दोन रेघा एकमेकींना छेदून काढाव्यात, 'क्ष' आणि 'ज्ञ' लिहावेत, क्षणभर थांबावे आणि पान उलटून पाहावे. छेदाच्या जागी शाई फुटली नाही आणि मागे डाग आला नाही, तर तो कागद आपला. ही परीक्षा पावसाळ्यात घेतली तर अधिक खरी. कारण आषाढ-श्रावणात कागद हवेतला ओलावा पितो, आणि उन्हाळ्यात सरळ वागणारी वही तेव्हा शाई पसरवू लागते. वह्या लोखंडी कपाटात, भिंतीपासून दूर ठेवाव्यात.

कागदानंतर शाई, आणि येथे मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे; कारण या लेखामागचे खरे कारण शाईच आहे.

आपल्या मराठी घरांना शाई दिली ती दांडेकरांनी. दि. प. दांडेकर यांनी १९३१ साली मुंबईत घोडा छाप शाईच्या पुड्या आणि वड्या करण्याचा उद्योग सुरू केला. पुढे पेनासाठी 'कॅमल इंक' आली, आणि कॅमल व इंक या दोन शब्दांच्या जोडणीतून 'कॅमलिन' हे नाव रूढ झाले. २०११ साली जपानच्या कोकुयो कंपनीने तिच्यात मोठा भाग घेतला. तरी उंटाचे चित्र आपल्या ओळखीचेच राहिले. बंगालात १९३४ साली मैत्र बंधूंनी सुरू केलेली 'सुलेखा' शाई हीही स्वदेशीच्या त्याच लाटेतली.

शाईचे ढोबळमानाने तीन प्रकार. पहिली रंगाची शाई, म्हणजे पाण्यात विरघळणारा रंग. शाळेची निळी शाई ही बहुधा अशीच. कपड्यावरून धुऊन जावी म्हणूनच ती केलेली असते. तिला नावे ठेवणे योग्य नाही. ती पेनात अडत नाही, वाहते छान, आणि नवशिक्याने तिच्यापासूनच सुरुवात करावी. दुसरी काजळाची. काजळ म्हणजे कार्बन. ऊन त्याचे काही बिघडवू शकत नाही. आपल्या पोथ्या आणि दप्तरे प्रामुख्याने याच शाईत लिहिलेली आहेत. पण काजळाचे कण पेनात साचतात, म्हणून पेनासाठी मुद्दाम अतिसूक्ष्म करून केलेली असेल तरच ती वापरावी. चित्रकलेच्या दुकानात मिळणारी जलरोधक काळी शाई टाकासाठी आणि ब्रशासाठी असते. ती चुकूनही पेनात भरू नये. एकदा आत वाळली की पेन गेलेच समजा.

तिसरी लोहाची शाई. मायफळ किंवा हिरडा यांच्या तुरट अर्कात हिराकस घातला म्हणजे ती तयार होते. बाटलीत ती फिकी असते. कागदावर उतरली की हवेतला प्राणवायू घेऊन तिच्यातील लोहाचे रूप बदलते, पाण्यात न विरघळणारा काळा पदार्थ तयार होतो आणि तो कागदाच्या तंतूंना घट्ट धरतो. लिहिताना अक्षर दिसावे म्हणून कारखानदार तिच्यात थोडा निळा रंग घालीत. लिहिताना निळी, दुसऱ्या दिवशी काळी. म्हणून तिचे नाव पडले 'ब्लू-ब्लॅक'. युरोपातील दस्तऐवज शतकानुशतके याच शाईने लिहिले गेले. इंग्लंडात तर विवाहनोंदीसाठी 'रजिस्ट्रारची शाई' म्हणून ती ठरवून दिलेली होती; २०२१ साली तिथली विवाहनोंद संगणकावर गेली तेव्हा ही प्रथा मागे पडली. या शाईचा एक अवगुणही सांगितला पाहिजे. आम्ल अधिक झाले तर ती कालांतराने कागदच खाते. प्रमाण सांभाळून केलेली मात्र आपल्या नातवंडांच्याही पुढे जाते.

हे सारे ज्ञान मला केवळ हौसेतून मिळालेले नाही. काही वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका जुन्या धर्मग्रामात माझी नेमणूक होती. एके दिवशी दोन भाऊ आले. दोघेही साठीच्या अलीकडे-पलीकडे. थोरला गावातच शेतमजुरी करणारा, धाकटा सुरतेच्या कारखान्यात आयुष्य घालवून परतलेला. कसल्याशा निवृत्तिवेतनासाठी दोघांनाही वयाचा दाखला हवा होता. शाळा दोघांनीही पाहिलेली नव्हती. आमच्या नोंदवहीत स्नानसंस्काराच्या तारखेबरोबर जन्मतारीखही लिहिलेली असते. तीच त्यांची आशा. मी वह्या काढल्या. एका पावसाळ्यात छत गळून कपाटात पाणी शिरले होते, हे मला आधीच्या धर्मगुरूंकडून कळले होते. थोरल्याची नोंद ज्या पानावर होती, ते पान पाण्याने फुगून वाळलेले, कडेला बुरशीचे ठिपके. पण अक्षर ठसठशीत काळे. नाव, बापाचे नाव, आईचे नाव, तारीख, सारे वाचता आले. धाकट्याची नोंद पुढच्या वहीत. त्या वर्षांत कोणी तरी साधी निळी शाई वापरली होती. तिथे अक्षर नव्हतेच. पानभर आभाळासारखा एक फिकट निळा रंग पसरलेला होता, आणि त्यात मधूनमधून शिरोरेषांचे तुकडे.

दोष कुणाचा म्हणावा? ज्यांनी लिहिले त्यांनी बाजारात मिळाली ती शाई घेतली. त्यांचे अक्षर सुंदर असले पाहिजे, हे उरलेल्या शिरोरेषांच्या सरळपणावरूनही दिसत होते. परंतु एका आईची दोन मुले. एकाचे नाव राहिले आणि दुसऱ्याचे वाहून गेले, ते केवळ दौत बदलली म्हणून.

स्नानसंस्कार झाला होता हे सिद्ध करणे अवघड नव्हते. ख्रिस्तसभेच्या कायद्यात त्यासाठी एका विश्वासार्ह साक्षीदाराचे निवेदन पुरते. त्यांची धर्ममाता हयात होती. नव्वदीच्या घरातली, डोळ्यांनी अधू, पण आठवण लख्ख. तिला तारीख विचारली तेव्हा ती म्हणाली, "तारीख मले काय ठाव, फादर? तवा जवारी सोंगाले आलती. येवढं याद हाये." मी ते लिहून घेतले. परंतु कचेरीला हंगाम चालत नाही. तिथे तारीख लागते. थोरल्याचे काम त्या महिन्यातच झाले. धाकट्याला वैद्यकीय तपासणीने वय ठरवून घेण्यासाठी जिल्ह्याच्या गावी कितीतरी हेलपाटे घालावे लागले, आणि शेवटी जे वय ठरले त्यात तो भावापेक्षा दोन वर्षांनी मोठा निघाला! दोघेही ते सांगताना हसत होते. मला मात्र त्या हसण्यात सामील होता येईना.

त्या दिवसापासून माझ्या टेबलावर दोन दौती आहेत. एक पत्रांसाठी आणि प्रवचनांच्या टिपणांसाठी. तिच्यात रंग कोणताही असो. दुसरी नोंदवहीसाठी, आणि तिच्यातली शाई परीक्षा घेतल्यावाचून मी वापरत नाही. परीक्षा सोपी आहे आणि कोणीही घरी करावी. आपण वापरणार त्याच कागदाच्या तीन पट्ट्या घ्याव्यात आणि तिन्हींवर एकच वाक्य लिहावे. एक दिवस वाळू द्याव्यात. मग एक पट्टी पाण्याच्या पेल्यात रात्रभर ठेवावी, दुसरी खिडकीच्या काचेला चिकटवून पंधरा दिवस उन्हात, तिसरी पुस्तकात मिटून. नंतर तिन्ही शेजारी ठेवून पाहाव्यात. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हाइतका कठोर परीक्षक कोणत्याही प्रयोगशाळेत सापडणार नाही. बाटलीवर 'ब्लू-ब्लॅक' किंवा 'पर्मनंट' लिहिले आहे एवढ्यावर समाधान मानू नये. आज त्या नावाने विकल्या जाणाऱ्या कित्येक शाया केवळ गडद रंगाच्या असतात. आणि हेही प्रामाणिकपणे सांगतो की, टिकणे हा काही शाईच्या पेनाचाच मक्ता नाही. चांगल्या रंगद्रव्याचे जेल पेनही टिकते. मुद्दा साधनाचा नाही. काय टिकले पाहिजे हे आधी ठरवून मग साधन निवडण्याचा आहे.

हा प्रश्न केवळ आमच्या चर्चच्या कपाटापुरता आहे असेही नाही. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा येण्यापूर्वी आपल्या विदर्भात गावोगावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी कोतवालाच्या वहीत होत. त्या कोतवाल बुकाच्या नकलेसाठी आजही लोक तहसीलीत रांगा लावतात. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समितीचे काम सुरू झाले, तेव्हा राज्यभरातील जुनी दप्तरे उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना पुन्हा दिवस आले. कुणा कोतवालाने वा तलाठ्याने, कंदिलाच्या उजेडात, कुणाच्या तरी नावापुढे लिहिलेले दोन शब्द शंभर वर्षांनी एखाद्या घराचे भवितव्य ठरवतात. लिहिणाऱ्याला त्याची कल्पनाही नसेल.

आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्याच्या उगमाशीही असाच धडा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांना आपले लेखन देवनागरी अक्षरांत छापावे अशी फार इच्छा होती. १६०८ साली त्यांनी रोमला तसे लिहिलेही होते. परंतु एवढ्या अक्षरांचे साचे पाडण्याचा खर्च आवाक्याबाहेरचा ठरला आणि 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रोमन लिपीत छापून निघाले. १६४९ आणि १६५४ मध्येही ते पुन्हा छापले गेले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मग हे पुराण आपल्यापर्यंत आले कसे? ते आले हस्तलिखितांतून. कुणी अज्ञात भाविकांनी ओवीमागून ओवी हाताने उतरवून घेतली, म्हणून ते उरले. छापखाना हरला आणि हात जिंकला, असे प्रत्येक वेळी होत नाही. पण येथे ते झाले. आणि त्यामागे कुणाची तरी शाई चांगली होती, कुणाचा तरी कागद खळ दिलेला होता, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

आता पेनाविषयी, थोडक्यात. शंभर-दोनशे रुपयांत उत्तम चालणारे देशी पेन मिळते; पहिल्या वर्षी याहून अधिक खर्च करू नये. पुढे हौस वाढली तर आपल्याच विदर्भात, नागपुरात, कॅनराइट ही मंडळी पेने करतात आणि निबाही स्वतः घडवतात, हे ध्यानात ठेवावे. निब घेताना मराठी लेखनाचा विचार करावा. आपल्या जोडाक्षरांत आणि मात्रा-वेलांट्यांत बारीक जागा फार; लहान अक्षर असणाऱ्याने बारीक निब घ्यावी, मोठे अक्षर असणाऱ्याने मध्यम. सुलेखनाची तिरकी निब मात्र विचारून घ्यावी. रोमन लिपीच्या टाकाचा काप आणि देवनागरीच्या बोरूचा काप एकमेकांच्या उलट दिशेला असतात.

नवे पेन आणले की पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून त्याने ते धुवावे आणि मग साध्या पाण्याने. घडणीच्या वेळचे तेल निबवर राहिलेले असते. गरम पाणी वापरू नये. महिन्यातून एकदा स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवावे. लोहाची शाई भरत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी, आणि ती शाई पेनात वाळू देऊ नये. ड्रॉपरने भरायच्या पेनात शाई चतुर्थांशाच्या खाली गेली की ते पुन्हा भरावे. रिकाम्या जागेतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि शाईला बाहेर लोटते. कागदावर टपकणारा थेंब पेन फुटल्यामुळे नव्हे, तर या हवेमुळे पडतो. खामगाव-मलकापूरकडच्या उन्हाळ्यात ही गोष्ट रोज अनुभवास येते. मलकापूरहून राजूर घाट चढून बुलढाण्याला जाताना खिशातले पेन निब वर करून ठेवावे. उंचीबरोबर बाहेरच्या हवेचा दाब उतरतो आणि आतली हवा जागा मागू लागते. मे महिन्यात टोपण क्षणभरही उघडे ठेवू नये, शाई निबवरच वाळते. अडलेले पेन झटकू नये. निबचे टोक ओल्या फडक्याला टेकवावे, शाई आपोआप येते.

एवढे सांभाळले म्हणजे पेन वर्षानुवर्षे साथ देते. मग हळूहळू त्याचा दुसरा लाभ जाणवू लागतो. शाईच्या पेनाने वेगाने लिहिता येते, पण बेपर्वाईने लिहिता येत नाही. पान उलटण्यापूर्वी शाई वाळू द्यावी लागते, आणि त्या अर्ध्या मिनिटात लिहिलेले वाक्य आपण पुन्हा वाचतो. दुःखात असलेल्या घराला पत्र लिहिताना ते अर्धे मिनिट फार मोलाचे असते. सांत्वनाच्या छापील कार्डावर सही करणे आणि 'आपल्या आईच्या हातची भाकर मी खाल्ली आहे' हे एक वाक्य शाईने लिहून पाठवणे, यांतला भेद पत्र मिळालेल्या माणसाला कळतो. मी पाहिले आहे, अशी पत्रे घरांतल्या ट्रंकांत, लग्नाच्या शालूखाली जपून ठेवलेली असतात.

तेव्हा वाचकहो, ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना माझी एक सूचना आहे. चांगल्या कागदाचे एक ताव घ्या. परीक्षेला उतरलेली शाई पेनात भरा. त्या तावावर आधी आपल्या घरातील माणसांची नावे लिहा. पूर्ण नावे, बापाच्या आणि आईच्या नावांसह, जन्मगावासह, जन्माची तारीख ठाऊक असेल तर तिच्यासह, आणि ठाऊक नसेल तर कोणते पीक तेव्हा उभे होते त्यासह. ज्या आज्या-आजोबांचे नाव कोणत्याही कचेरीत नाही, त्यांचे नाव सर्वांत आधी लिहा, ते सांगणारी माणसे हयात आहेत तोवर. शाई वाळू द्या. ताव घडी न घालता कोरड्या जागी ठेवा. हस्ताक्षर सुधारण्यासाठी याहून चांगला कित्ता मला ठाऊक नाही.